मॅकवर खेळ चालतो, टिकत नाही

सायबरपंक २०७७ हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आला आणि मॅकवर पोचायला त्याला जुलै २०२५ उजाडलं. तेव्हापासून एक जुना वाद पुन्हा पेटला आहे. सप्टेंबरात पुण्यात कोरेगाव पार्कला ॲपलचं दुकान उघडलं आणि तो माझ्या ओळखीच्या घरांतही ऐकू येऊ लागला. एका बाजूचे म्हणतात, ॲपलच्या चिप आता इतक्या वेगवान झाल्या आहेत की मॅक हे खेळाचं यंत्र होणारच, थोडा धीर धरा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, मॅक कामासाठी असतो. खेळायचं असेल तर विंडोजचा गेमिंग लॅपटॉप घ्या नाहीतर प्लेस्टेशन. पहिले फ्रेम रेटचे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात त्याचे, आकडे पुढे करतात, दुसरे किमतीचे. भांडण सगळं यंत्राच्या ताकदीवर चाललेलं आहे. मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, कारण अडचण ताकदीची नाहीच. आज इथे चालणारा खेळ दहा वर्षांनीही इथे चालेल, हा साधा शब्द ॲपलने खेळ बनवणाऱ्याला किंवा विकत घेणाऱ्याला कधी दिलेला नाही. तो शब्द मिळत नाही तोवर चिप कितीही वेगवान झाली तरी मॅकवर खेळ पाहुण्यासारखे येतील आणि पाहुण्यासारखे निघून जातील.

हे मी बाहेरून बघून लिहीत नाही. १९९५ साली अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपी केंद्रात कामाला लागले तेव्हा माझ्यासमोर पॉवर मॅकिंटॉश होता, त्यावर क्वार्क एक्सप्रेस होतं आणि दिवसभर पुस्तकांची पानं लावण्याचं काम होतं. संध्याकाळी शेवटचं पान फिल्म काढायला गेलं की आमचे मालक मिस्ट या खेळाची सीडी घालायचे आणि आम्ही चौघं स्टुलं ओढून त्या निर्मनुष्य बेटावर फिरायचो. तो खेळ ॲपलच्याच हायपरकार्ड नावाच्या साधनात रचला गेला होता आणि १९९३ मध्ये आधी मॅकवर आला होता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तेव्हापासून पोटापाण्याचं सगळं काम मी मॅकवर केलं आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याने परवा विचारलं, ‘मावशी, मॅकवर गेम चालतात ना गं?’ आणि मला पटकन हो म्हणता आलं नाही.

खेळ ॲपलच्या घरात परके नव्हते. १९७५-७६ च्या सुमाराला अटारी कंपनीच्या ब्रेकआउट या खेळाचं काम स्टीव्ह जॉब्सने मिळवलं आणि त्याचं सर्किट स्टीव्ह वॉझ्नियाकने रचलं. पुढे ॲपल-२ घडवताना वॉझ्नियाकच्या डोक्यात तोच खेळ होता. तो बेसिक या संगणकाच्या भाषेत लिहिता यावा म्हणून यंत्राला रंग आले, आवाजासाठी स्पीकर आला, पॅडल जोडायची सोय आली. हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. या यंत्राला जादा कार्डं खोचायचे आठ स्लॉट होते. जॉब्सच्या मते दोन पुरेसे होते, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला. वॉझ्नियाकने ऐकलं नाही. १९७७ मध्ये आलेल्या या घराण्याचं शेवटचं यंत्र ॲपलने १९९३ पर्यंत विकलं, आणि मधल्या काळात नवी यंत्रं आली तरी जुने कार्यक्रम त्यांवर बहुतांशी चालत राहिले. प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ मध्ये जन्मला तो याच बारा वर्षांच्या रचनेवर. म्हणजे टिकाऊपणाचा शब्द काय असतो ते ॲपलला चांगलं माहीत होतं. तिचं पहिलं मोठं यश त्याच शब्दावर उभं राहिलं.

१९८४ च्या मॅकिंटॉशने दिशा बदलली. एकही स्लॉट नाही, आणि डबा उघडायचा तर लांब दांड्याचा खास टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर हवा. पडदा काळापांढरा. चित्रांनी चालणाऱ्या या गोंडस यंत्राला कचेऱ्यांमधले लोक खेळणं म्हणतील, ही धास्ती त्या काळी खरी होती, आणि मला ती समजते. पण त्या धास्तीतून जी सवय लागली ती चाळीस वर्षं सुटली नाही: खेळ हा घरातला माणूस न राहता सणावाराला बोलावण्यापुरता उरला.

हे बोलावणं कसं होतं ते बघा. जानेवारी १९९९ मध्ये ॲपलने ओपनजीएल, म्हणजे खेळांनी पडद्यावर चित्रं काढायची एक सामाईक पद्धत, स्वीकारल्याचं जाहीर केलं आणि डूम-क्वेकच्या कर्त्यांपैकी जॉन कारमॅकने मॅकवर क्वेक ३ हा खेळ दाखवला. त्याच वर्षी २१ जुलैला न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्डमध्ये जॉब्सने बंजी या कंपनीचा हेलो हा खेळ पहिल्यांदा जगासमोर आणला. फेब्रुवारी २००१ मध्ये टोकियोत डूम ३ ची झलक. २००७ मध्ये ईए ही खेळांची मोठी कंपनी आणि पुन्हा कारमॅक. २०२२ मध्ये कॅपकॉम ही जपानी खेळ-कंपनी, २०२३ मध्ये जपानी खेळकर्ता हिदेओ कोजिमा. दर काही वर्षांनी एक मोठं नाव मंचावर येतं, टाळ्या होतात, आणि पुढच्या वर्षी मंच दुसऱ्या कशासाठी तरी सजतो. जुने मॅकवाले आजही हळहळतात की जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने बंजी विकत घेतली आणि हेलो एक्सबॉक्सचा झाला, नाहीतर इतिहास वेगळा असता. मला ही हळहळ पोकळ वाटते. बंजीचा मॅरेथॉन १९९४ पासून मॅकवर होता आणि त्याला जीव लावणारे लोक होते. त्या पाच-सहा वर्षांत ॲपलने त्यावर काय उभारलं? १९९६ मध्ये बांदाईबरोबर पिपिन नावाचा खेळाचा डबा काढला आणि वर्षभरात सोडून दिला. हेलो गेला नसता तरी त्याच्या मागून दुसरा कोण आला असता?

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येते. छायाचित्रं सुधारण्याचं किंवा पानं लावण्याचं सॉफ्टवेअर हे चालू दुकान असतं. त्यामागे कंपनी असते, ग्राहक दरवर्षी पैसे भरतात, आणि ॲपलने खालची जमीन बदलली की ती कंपनी नवी आवृत्ती काढते. खेळाचं तसं नसतं. अपवाद सोडले तर खेळ ही पूर्ण झालेली कृती असते. तीनशे माणसं चार वर्षं राबतात, खेळ विकायला येतो, बहुतेक कमाई पहिल्या काही महिन्यांत होते आणि ती माणसं पुढच्या कामाला लागतात. सात वर्षांनी त्या खेळाचा सोर्स कोड पुन्हा उघडून नव्या यंत्रासाठी बांधायचा खर्च कोण करणार? कुठल्या उत्पन्नातून? म्हणून खेळाला खालची जमीन स्थिर लागते, आणि मॅकमध्ये ती ठरावीक काळाने खणली जाते. मॅकओएसच्या २००७ च्या लेपर्ड या आवृत्तीने जुने कार्यक्रम चालवणारं क्लासिक काढून टाकलं आणि नव्वदच्या दशकातले खेळ गेले. २०११ च्या लायनने पहिली रोझेटा, म्हणजे जुन्या चिपचे कार्यक्रम नव्या चिपवर चालवणारा दुभाषा, काढली, इंटेलआधीच्या पॉवरपीसी चिपचे खेळ गेले. २०१८ मध्ये ओपनजीएलवर ‘कालबाह्य’ असा शिक्का बसला. २०१९ च्या कॅटॅलिनाने ३२-बिट, म्हणजे जुन्या घडणीचे, कार्यक्रम बंद केले. त्या एका दिवशी हाफ-लाइफ २ आणि पोर्टल यांच्या मॅक आवृत्त्या मेल्या. २००७ च्या मंचावर ईएने घोषित केलेल्या खेळांची गत तीच झाली. २०२० मध्ये ॲपलच्या स्वतःच्या चिप आल्या आणि बूट कॅम्प गेलं, म्हणजे मॅकवरच विंडोज चालवून खेळण्याचा जो आडमार्ग २००६ पासून होता तोही बंद झाला. मे २०१० मध्ये स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान मॅकवर आलं तेव्हा ज्यांनी उत्साहाने खेळ घेतले, त्यांच्या संग्रहातला केवढा भाग दहा वर्षांच्या आत निकामी झाला असेल?

याला जे उत्तर दिलं जातं ते कच्चं नाही. ॲपल जुनं कापते म्हणूनच मॅक हलका राहतो. ३२-बिटचं ओझं आधीच उतरवलं होतं म्हणून एम-१ या ॲपलच्या स्वतःच्या पहिल्या मॅक-चिपकडची उडी इतकी सहज जमली. एवढं मोठं स्थित्यंतर इतक्या कमी त्रासात दुसऱ्या कोणी केल्याचं मला आठवत नाही. पंखा नसलेला, दिवसभर बॅटरी पुरणारा लॅपटॉप त्याच कापाकापीतून आला. जुन्या लायब्ररी ठेवल्या की त्यांतली सुरक्षेची भगदाडंही ठेवावी लागतात. विंडोजची स्थितीही आदर्श नाही: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि असंख्य धडधाकट यंत्रं विंडोज ११ च्या अटींमुळे बाहेर राहिली. हे सगळं मी मान्य करते. रोज बारा तास मॅकवर बसते, मला त्याचा फायदा मिळतो.

पण कापण्याचे दोन प्रकार असतात. विंडोज ९५ घडत असताना मायक्रोसॉफ्टच्या लोकांना आढळलं की सिमसिटी त्यावर कोसळतो. चूक खेळाची होती: एकदा परत केलेली मेमरी तो पुन्हा वाचत होता, आणि आधीच्या विंडोजमध्ये ते खपून जात होतं. मायक्रोसॉफ्टने खेळ बनवणाऱ्यांना दोष दिला नाही. सिमसिटी चालू आहे असं दिसलं की मेमरी सोडताना वेगळं वागायचं, अशी सोय विंडोजमध्येच घातली. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेतली, कारण नवं विंडोज घेतल्यावर आवडता खेळ बंद पडला तर माणूस खेळाला नाही, विंडोजला दोष देईल हे त्यांना कळत होतं. ३२-बिट ठेवणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य होतं म्हणावं, तर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली कोडवीव्हर्स ही छोटी कंपनी बघा. कॅटॅलिनाने ३२-बिट बंद केल्यावर काही महिन्यांतच तिने आपल्या क्रॉसओव्हर या सॉफ्टवेअरमध्ये विंडोजचे ३२-बिट कार्यक्रम मॅकवर चालवून दाखवले. परिणाम असा झाला की एखाद्या जुन्या खेळाची विंडोजसाठीची आवृत्ती आज मॅकवर चालू शकते, आणि त्याच खेळाची मॅकसाठी बनवलेली आवृत्ती चालत नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला हे जमलं नसतं असं कोण म्हणेल?

मराठी वाचकाला ही वेदना खेळांशिवायही ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात मी आणि माझ्यासारख्या शेकडो जणींनी जी पानं लावली ती युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. प्रत्येक फॉन्टची स्वतःची मांडणी, ‘क’ एकात एका कळीवर, दुसऱ्यात दुसऱ्या. तो फॉन्ट, ते सॉफ्टवेअर आणि ते यंत्र तिन्ही असेपर्यंत पान जिवंत. आज ती फाइल उघडली तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसतो. दिवाळी अंक, कवितासंग्रह, गावोगावच्या शाळांच्या स्मरणिका, अशा कितीतरी मजकुराची छापील प्रत सापडली तर नशीब. नाहीतर तो गेला. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. प्रत्येक टप्प्यावर प्रत्येकाने आपापल्या सोयीचं पाऊल उचललं, इतकंच. पण जे हरवलं ते हरवलं, आणि म्हणूनच ‘जुनं सोडा, नवं घ्या’ हे वाक्य मला सहज गिळता येत नाही. खेळ ही आपल्या काळातल्या लेखनाची, चित्राची, संगीताची एकत्र मिसळलेली निर्मिती आहे. ती एका कंपनीच्या वार्षिक वेळापत्रकावर जगावी का?

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे, आणि तो सर्वांत जोरकस आहे. स्टीमच्या मासिक पाहणीत मॅकवाले जेमतेम दोन टक्के असतात. काउंटर-स्ट्राइक २ हा खेळ सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने मॅकला वगळलं. डायरेक्टएक्स या विंडोजच्या खेळांसाठीच्या साधनसंचाच्या जुन्या नवव्या आवृत्तीची यंत्रं, ३२-बिट यंत्रं आणि मॅक हे सगळे मिळून खेळणाऱ्यांत एक टक्काही नव्हते, असा हिशेब त्यांनी दिला. इतक्या थोड्यांसाठी खेळ पोर्ट, म्हणजे मॅकसाठी नव्याने बांधायचं काम, कोण करील? माझा प्रश्न असा की लिनक्स ही मोफत प्रणाली वापरणारे याहून थोडे होते, मग त्यांचं काय झालं? वाल्व्हने तिथे उलटा रस्ता धरला. ‘लिनक्ससाठी खेळ बनवा’ ही विनवणी थांबवली, आणि विंडोजचा खेळ जसाच्या तसा लिनक्सवर चालवणारा प्रोटॉन २०१८ मध्ये आणला. पोर्ट करण्याचं ओझं खेळ बनवणाऱ्याच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर घेतलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यावर आधारलेला स्टीम डेक विकायला आला आणि पुढच्याच वर्षी त्या पाहणीत लिनक्सने मॅकला मागे टाकलं. स्टीम डेकची चिप ॲपलच्या चिपपुढे अगदीच साधी आहे. मग ताकदीचा सिद्धांत कुठे गेला?

यात मला आणखी एक धागा दिसतो. १९९५ च्या सुमाराला खेळ बनवणारे डॉस ही विंडोजआधीची प्रणाली सोडायला तयार नव्हते, कारण विंडोजवर खेळ संथ चालत. तेव्हा मायक्रोसॉफ्टने स्वतःची माणसं लावून डूम विंडोजवर आणून दाखवला, डायरेक्टएक्स उभं केलं, आणि प्रचारासाठी बिल गेट्स यांनाच डूमच्या दृश्यात उभं केलं. डूमच्या त्या कामाचा प्रमुख होता गेब न्यूवेल. पुढे वाल्व्ह काढणारा आणि प्रोटॉनमागे पैसा उभा करणारा तोच. जवळजवळ पंचवीस वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने एकच गोष्ट दोनदा केली: खेळांना आपल्या खर्चाने नव्या घरी आणलं, नंतर खेळणारे आपोआप आले. जून २०२३ मध्ये ॲपलनेही गेम पोर्टिंग टूलकिट काढलं. विंडोजचा खेळ मॅकवर भाषांतर करून चालवणारी त्यातली करामत थक्क करणारी आहे. पण ते दिलं विकसकांच्या हातात, पोर्ट करण्याआधी अंदाज घ्यायला. ओझं जिथे होतं तिथेच राहिलं.

हार्डवेअरबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण दारं तिथेही बंद होत गेली. रॅम चिपशेजारी घट्ट बसवण्याला खरं तांत्रिक कारण आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच मेमरीतून वाचतात, डेटा इकडून तिकडे वाहून न्यावा लागत नाही, वीज वाचते. इथे ॲपलने योग्य तेच केलं असं माझं मत आहे. पण आठ जीबी जादा रॅमसाठी वीस हजार रुपये घेण्यामागे कुठलं भौतिकशास्त्र आहे? २०२४ चा मॅक मिनी ५९,९०० रुपयांना मिळत होता. त्यात सोळाऐवजी चोवीस जीबी घ्यायचे तर यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी भर. आणि ऑक्टोबर २०२४ पर्यंत नवे मॅक आठ जीबीपासून सुरू होत होते, ज्यात आजचा मोठा खेळ गुदमरतो. एम-३ चिपमध्ये रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा माग काढून दृश्य रंगवण्याची सोय, दिलं, जे खेळाइतकं क्वचितच दुसरीकडे लागतं, आणि तीच चिप आठ जीबीच्या यंत्रात बसवली. ज्यांनी ती चिप रचली त्यांना खेळ समजतात. ज्यांनी ती यंत्रं आखली त्यांना समजत नसावेत.

मॅक प्रोची कहाणी तर मला फार लागते. २०१३ चा गोल काळा मॅक प्रो ग्राफिक्स कार्ड बदलू देत नव्हता. एप्रिल २०१७ मध्ये ॲपलने पत्रकारांना बोलावून कबूल केलं की त्या रचनेने आपल्याला उष्णतेच्या कोपऱ्यात अडकवलं. इतकी मोकळी कबुली देणाऱ्या कंपन्या थोड्या, आणि माझा विश्वास त्या दिवशी वाढला होता. २०१८ मध्ये थंडरबोल्ट या वेगवान जोडणीवर बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडण्याची सोय आली, २०१९ मध्ये स्लॉटवाला मॅक प्रो आला. चार वर्षांनी, २०२३ च्या मॅक प्रोत स्लॉट होते आणि ग्राफिक्स कार्ड घालता येत नव्हतं. ॲपलच्या चिप असलेल्या कुठल्याही मॅकला खेळांसाठी ते बाहेरूनही जोडता येत नाही. २०१९ साली लाखो रुपये घालून तो डबा घेणाऱ्या स्टुडिओंना कोणता शब्द दिला होता?

‘खेळ म्हणजे वेळ घालवणं, त्यावर एवढं काय लिहायचं,’ असं माझ्याच पिढीतले लोक म्हणतात. त्यांना मी एवढंच विचारते की आज ज्या ग्राफिक्स चिपवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा डोलारा उभा आहे, तिच्या संशोधनाचा खर्च कोणी भरला? १९९३ मध्ये स्थापन झालेल्या एन्व्हिडियाला खेळणाऱ्या पोरांनी पोसलं, प्रत्येक नवं कार्ड विकत घेऊन. ॲपलने एन्व्हिडियाशी फारकत घेतली. मॅकओएसच्या २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून तिच्या नव्या कार्डांचे ड्रायव्हर मॅकवर आले नाहीत. पुढच्या काही वर्षांत यंत्रशिक्षणाचं जवळजवळ सगळं काम एन्व्हिडियाच्या कार्डांवर झालं, आणि ते काम करणारी मुलंमुली मॅकवर कोड लिहून दुसऱ्याच यंत्रावर पाठवत राहिली. शिवाय ज्याला आपण वेळ घालवणं म्हणतो तो आपल्याकडच्या मुलांचा रोजगार आहे. युबिसॉफ्टचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईत आहेत. प्रिन्स ऑफ पर्शियाच्या घराण्यातल्या ‘सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती २०२० मध्ये जाहीर झाली तेव्हा ती याच दोन शहरांत घडत होती, २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं. ज्या खेळाचा मूळपुरुष ॲपल-२ वर जन्मला, त्याची ही आवृत्ती विंडोज, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी जाहीर झाली. यादीत मॅक नव्हता, आणि कोणाला त्याचं नवलही वाटलं नाही.

मग ॲपल असं का वागते? मला यात कट दिसत नाही, सवय दिसते, आणि सवयीला पैशाचं पाठबळ आहे. खेळ बनवणारी एपिक कंपनी विरुद्ध ॲपल या खटल्याच्या सप्टेंबर २०२१ च्या निकालात नोंदलं आहे की ॲप स्टोअरच्या उत्पन्नापैकी सुमारे ७० टक्के खेळांतून येतं, आणि ते पैसे दहा टक्क्यांहून कमी ग्राहक भरतात. हे खेळ फोनवरचे, फुकट मिळणारे, आत गेल्यावर पैसे मागणारे. त्यांच्यामागे कंपनी सतत जागी असते, कारण कमाई रोजची असते. दरवर्षी नवी आवृत्ती काढणं त्यांना परवडतं. ज्या कंपनीला खेळांतला जवळजवळ सगळा पैसा अशा खेळांतून मिळतो तिला वाटणारच की खेळ असेच असतात, आणि जे स्वतःला अद्ययावत ठेवत नाहीत ते मेलेलेच बरे. एकदाच विकत घेऊन वीस वर्षं जपायचा खेळ तिच्या हिशेबवहीत दिसत नाही.

मी काय मागते? चिप आणखी वेगवान नको. आज मॅकवर चालणारा खेळ किमान दहा वर्षं चालेल अशी लेखी हमी द्या. गेम पोर्टिंग टूलकिटमधलं भाषांतर मॅकओएसमध्येच घाला, म्हणजे माणूस विंडोजचा खेळ घेईल, उघडेल आणि खेळेल. व्हल्कन ही सगळ्यांना खुली ग्राफिक्सची पद्धत नाकारून आपलं मेटलच हवं हा हट्ट सोडा. मेटल उत्तम आहे, पण दोन टक्क्यांसाठी वेगळी भाषा शिकायला सांगणं हा हट्टच आहे. यातल्या एकाही गोष्टीला नवा कारखाना लागत नाही.

जून २०२५ मध्ये ॲपलने विकसकांना एक गोष्ट सांगितली, जिची चर्चा सायबरपंकच्या फ्रेम रेटपुढे कुठेच झाली नाही. इंटेलच्या कार्यक्रमांना आजच्या मॅकवर चालवणारी दुसरी रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण राहील. त्यानंतर ती काढली जाईल, मात्र तिचा काही भाग देखभाल न होणाऱ्या जुन्या खेळांसाठी ठेवला जाईल. देखभाल न होणारे जुने खेळ, आणि त्यांच्यासाठी काहीतरी ठेवणं! तीस वर्षांत या कंपनीकडून असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. केवढा भाग, किती वर्षं, हे त्यात नाही. तरी ते मी दोनदा वाचलं.

भाच्याला मी मॅकबुक एअर घे म्हणून सांगितलं, कारण अभ्यासाला त्याच्याइतकं बरं यंत्र मला माहीत नाही. आणि खेळ घेशील तो ॲपलच्या दुकानातून न घेता स्टीमवरून घे, म्हणजे मॅकवर बंद पडला तरी त्याच पैशांत विंडोजची आवृत्ती तुझ्याकडे राहील. हे सांगताना मला आनंद झाला नाही. मॅकओएस २८ येईल तेव्हा तो तिसऱ्या वर्षाला असेल. त्या आठवड्यात घरी ये, असं त्याला सांगून ठेवलंय; इंटेलच्या काळातला एक खेळ मी ठेवला आहे, तो लावून बघू.